आकडा आणि तंतू

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सगळं पत्र एच-इंडेक्सभोवतीच, म्हणजे संशोधकाचे पेपर इतरांनी किती उद्धृत केले ते सांगणाऱ्या आकड्याभोवतीच, फिरतंय, प्रयोगाबद्दल मात्र जेमतेम दोन ओळी! म्हणून आधी आकड्याचंच बोलू.

हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली हा हिशेब मांडला. वीस पेपर प्रत्येकी किमान वीसदा उद्धृत झाले की आकडा वीस. तो एकदा चढला की उतरत नाही, माणूस निवृत्त झाला तरी वाढत राहू शकतो. म्हणजे त्यात वयाचा वाटा मोठा. गाईडच्या आकड्याशी स्वतःचा आकडा ताडून झोप घालवण्यात काय अर्थ आहे? कर्करोगावर काम करणाऱ्या मैत्रिणीशीही ताडू नकोस. तिथे लिहिणारेच कितीतरी जास्त. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातला पेपर सरासरी किती वेळा उद्धृत होतो तो आकडा, तर फक्त मागच्या दोन वर्षांतले पेपर बघतो. आपल्या स्नायूंच्या विषयात एखादी मोजणी दुसऱ्याच्या उपयोगी पडेपर्यंतच तेवढा काळ सहज जातो.

स्नायूंचे अभ्यासक ए. व्ही. हिल यांचा 1938 चा पेपर घे. बेडकाचा स्नायू आखडताना किती उष्णता सोडतो, हे ते मोजत होते. भार वाढला की आखडण्याचा वेग कसा घटतो, याचं समीकरण त्यातून निघालं. त्यातला एक स्थिरांक थेट उष्णतेच्या मोजणीतून येतो, असं त्यांनी तेव्हा मांडलं होतं. पंचाहत्तरी उलटल्यावर, 1964 मध्ये, त्यांनीच पुन्हा मोजून दाखवलं की ती उष्णता भारानुसार बदलते, म्हणजे ती जुळणी तशी टिकत नाही. समीकरण मात्र टिकलं. आज चालण्याचं संगणकीय प्रारूप करणारे लोक ते रोज वापरतात, आणि त्यातल्या कितीजणांनी उष्णतेचा भाग वाचला असेल, याची मला शंकाच आहे. पेपरचा कुठला भाग खरा ठरला आणि कुठला दुरुस्त झाला, हे सायटेशनच्या आकड्यातून कळत नाही.

दुसरीकडे, प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा लॉवरी आणि सहकाऱ्यांचा 1951 चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय. त्यात विश्वाचं कुठलंही कोडं सुटलेलं नाही. लोकांना रोज लागणारी गोष्ट नीट लिहिलेली होती, इतकंच.

माझा कल तिकडेच आहे. गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांचा 1966 चा पेपर पुन्हा काढ, आणि या वेळी निष्कर्ष सोडून पद्धत वाच. स्नायूच्या तंतूत सार्कोमिअर, म्हणजे आखडणारे छोटे एकक, ओळीने असतात; टोकांकडची मधल्यांइतकी ताणली जात नाहीत. आखडताना ती मधल्या भागाला ओढतात आणि बलाची मोजणी बिघडवतात. म्हणून त्यांनी मधल्या तुकड्यावर खुणा लावल्या, त्यांच्यावर प्रकाशाने नजर ठेवली आणि तेवढ्याच भागाची लांबी स्थिर धरणारं यंत्र बांधलं. मग कुठे सार्कोमिअरची लांबी आणि बल यांचा तो आलेख मिळाला: सुमारे 2.0 ते 2.2 मायक्रोमीटरला बल सर्वाधिक, 3.65 च्या आसपास शून्य. हे आकडे अजून पाठ्यपुस्तकांत आहेत ते त्या यंत्रामुळे.

आता तुझा मसुदा. ‘प्रयोग खोलीच्या तापमानाला केले’ असं लिहिलंयस. कुठल्या खोलीच्या? दहा अंशांनी तापमान चढलं की आखडण्याचा कमाल वेग दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो. बल क्षेत्रफळाने भागलंयस, पण पटल काढलेला तंतू द्रावणात फुगतो. व्यास फुगण्याआधीचा की नंतरचा? तंतू गोल धरला की लंबगोल? हे नसेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसाला तुझे आकडे त्याच्या आकड्यांशेजारी मांडताच येणार नाहीत. मग तो तुला प्रस्तावनेत इतर सहाजणांबरोबर एका कंसात टाकेल आणि पुढे जाईल. सायटेशन तेही, पण कामाचं नाही.

कमिटीवाले आकडा विचारतात, हे मलाही ठाऊक आहे. विचारतील तेव्हा सांग, लपवायचं कारण नाही. स्वतःचेच पेपर उगाच उद्धृत करून तो फुगवू मात्र नकोस. वाचणाऱ्याला ते लगेच दिसतं. तुला उद्धृत करणारा प्रत्येक पेपर उघडून बघ, कुणी नेमकं काय उचललंय ते. एखाद्याने तुझी मोजणी पुन्हा करून वेगळं उत्तर काढलं असेल, तर त्याला आधी पत्र लिही.

पद्धतीचा भाग सुधारून पाठव. तापमान, सार्कोमिअरची लांबी आणि व्यास कसा मोजला, हे तिन्ही त्यात हवं. निष्कर्ष मी त्यानंतर वाचेन.

तुझी,
मॅडम