लेखाच्या पहिल्या पानावरच्या तारखा वाच

प्रश्न : मी रावेर तालुक्यातली. जळगावच्या कॉलेजात एम.एस्सी. बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट केळीवरच्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूजन्य रोगावर आहे. गाइड सरांनी माझे निम्मे संदर्भ खोडले, 'पीअर रिव्ह्यूड लेख आण' म्हणाले. सगळे गुगल स्कॉलरवरूनच घेतले होते. ओळखायचं कसं? चार दिवसांत पेपर छापून देतो, असा एका जर्नलचा मेसेजही आलाय. पैसे भरू का?

उत्तर : पैसे अजिबात भरू नकोस. पीअर रिव्ह्यूमध्ये त्याच विषयातले, पण त्या कामाशी संबंध नसलेले अभ्यासक छापण्याआधी लेख तपासतात. ते शंका काढतात, लेखक दुरुस्त्या करतो, कधी प्रयोगही पुन्हा करावा लागतो. यात बहुधा महिने जातात. चार दिवसांत फक्त पैसे जमा होतात, आणि तो पेपर तुझ्या नावाला कायमचा चिकटतो. उद्या पीएच.डी.च्या मुलाखतीत त्याच पेपरवर प्रश्न आला तर काय सांगशील?

गुगल स्कॉलर लेख शोधून देतं, पारखून देत नाही. तिथे प्रबंध, परिषदेतले निबंध, न तपासलेले प्रीप्रिंट असं सगळं एकाच यादीत येतं. म्हणून लेखाची पीडीएफ उघड आणि पहिलं पान नीट बघ. शीर्षकाखाली किंवा तळाशी बारीक अक्षरात 'रिसीव्ह्ड', 'रिव्हाइज्ड', 'अ‍ॅक्सेप्टेड' अशा तारखा दिसतात. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत दोन-चार महिन्यांचं अंतर असेल तर खूण चांगली. एक-दोन दिवसांचंच असेल तर सावध हो. काही चांगली जर्नल्स तारखा छापत नाहीत, त्यामुळे एवढ्यावरच निकाल देऊ नकोस. जर्नलच्या वेबसाइटवर तपासणीची पद्धत लिहिली आहे का ते वाच. संपादक मंडळातली दोन नावं त्यांच्या संस्थेच्या पानावर शोध. त्यांच्या कामाच्या यादीत या जर्नलचा उल्लेखच नसेल, तर शंका घ्यायला जागा आहे. जर्नल सर्वांना मोफत वाचता येणारं असेल तर डीओएजे या यादीत पाहा, तिथे तपासणीची अट आहे.

आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. 'यूजीसी केअर लिस्टेड', म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीत असल्याच्या, शिक्क्यावरही विसंबू नकोस. ती यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली.

आणखी एक. चांगल्या जर्नलमधलंही सगळंच तपासलेलं नसतं. संपादकीय आणि पुस्तक परीक्षण सहसा या तपासणीतून जात नाहीत.

सरांनी खोडलेल्यांत त्रिचीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राची घडीपत्रिका असेल, तर ती फेकू नकोस. माहिती भरवशाची असते, पण ती शेतकऱ्यांसाठी लिहिलेली असते. प्रस्तावनेत रोगाची ओळख करून देताना ती चालेल, असं मला वाटतं. सरांना एकदा विचार. मात्र मावा ही कीड सीएमव्हीचा विषाणू कसा पसरवते, काकडीवर्गीय पिकं शेजारी असली की काय होतं, अशा दाव्यांना तपासलेला लेखच हवा. रावेर-यावलमध्ये रोगट झाडं उपटून टाकावी लागलेले शेतकरी तू पाहिले असशील. त्यांच्या बागेबद्दल लिहिताना कच्चा आधार घेऊ नये.

कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-जर्नल्स वाचायला देणाऱ्या योजनेचं) सभासद असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन घे. सरांनी खोडलेली यादी सोबत ने आणि पहिले दोन-तीन लेख ग्रंथपालांसमोरच तपासून बघ.