माणसं थांबतच नाहीत, स्केच कसं काढू?

प्रश्न: नमस्कार सर, मी नाशिकला सिडकोत राहते, सेकंड इयरला आहे. दर बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात जाऊन भाजीवाल्या मावश्या, हमाल यांची पेन्सिल स्केचेस काढायला बसते, पण अर्धं चित्र होतं न होतं तोच माणूस उठून जातो. फोटोवरून घरी काढलं तर चित्रात जीवच वाटत नाही. आणि कोणाकडे टक लावून बघायची लाज पण वाटते. काय करू?

उत्तर: अगं, माणूस जातो पण काम फिरून परत येतं, ते पकडायचं. एक दिवस भांडी बाजारात जा आणि तांबटाकडे पेन्सिल न उचलता नुसतं बघत बस. हातोडी वर, खाली, हंडा जरासा फिरवला, परत वर, म्हणजे त्याच तीन-चार पोझ दिवसभर चालूच असतात, मग एकाच पानावर त्या सगळ्या सुरू कर आणि तो ज्या पोझमध्ये येईल त्या आकृतीत दोन रेघा टाकत जा. फोटोत हातोडी नुसती हवेत लटकलेली दिसते, आधीचा आणि नंतरचा ठोका त्यात नसतो, म्हणून तुझं चित्र निर्जीव होतंय.

चेहरा शेवटी, नाही आला तरी चालेल. आधी पाठीची रेघ आणि भार कुठल्या पायावर आहे ते. कांद्याची गोणी पाठीवर घेतली की मान पुढे येते, गुडघे वाकतात, ते बरोबर आलं तर गोणी न रंगवता पण जड दिसते. सुरुवातीला टूबी पेन्सिल बास, सिक्सबी फार मऊ, हाताखाली पसरते.

लाजेचं म्हणशील तर सरळ विचार, मावशी, तुमचं चित्र काढू का, आणि झालं की दाखव. चित्रकार चित्तप्रसाद १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मेदिनीपूरला फिरला तेव्हा चित्राबरोबर त्या माणसाचं नाव, गाव, हकीकत पण लिहून ठेवायचा, त्यावरचं त्याचं पुस्तक ब्रिटिशांनी जप्त केलं. मला ही नाव लिहायची सवय फार मोलाची वाटते, तू पण लाव, नाहीतर आपण माणसाला नुसतं ‘हमाल’ करून टाकतो.

तरी नाहीच जमलं तर येवल्याला जा. पैठणीच्या मागावर बसलेला माणूस जागा सोडत नाही, फक्त हातपाय चालतात, तुला वेळ मिळेल. व्हॅन गॉगने पण १८८४ मध्ये हॉलंडच्या न्यूनेन गावात विणकरांना असंच मागावर बसलेलं पुन्हा पुन्हा काढलंय.

आणि पुढच्या वेळी वहीची पानं पाठव, अर्धवट राहिलेली पण पाठव, मला तीच आधी बघायचीत.