लाइकचं बटण लावू का नको?

प्रश्न : आम्ही आठ-दहा जण मिळून सातारा भागातल्या जुन्या विहिरी-बारवांची साइट चालवतो, मीडियाविकी सॉफ्टवेअरवर, विकिपीडियासारखी, कोणीही एडिट करू शकतं. पहिले सहा महिने सगळे तुटून पडले होते, आता दोघं-तिघंच लिहितात, बाकीचे व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग टाकतात. आमच्यातला एक मुलगा म्हणतो फ्रेंड, लाइक, पॉइंट सगळं लावून टाकू, पब्लिक आपोआप येईल. लावावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाहीये. भर उन्हात विहिरीत उतरून पायऱ्या मोजून आलं आणि कोणी हूं की चूं केलं नाही तर माणूस दुसऱ्यांदा कशाला जाईल? पण तो म्हणतो ते सगळं लावू नका.

मीडियाविकीसाठी सोशलप्रोफाइल नावाचं एक्स्टेन्शन (वरून जोडायचा प्रोग्रॅम) आहे, त्यात मित्र, गिफ्ट, पॉइंट सगळं मिळतं, इतकंच काय शत्रूसुद्धा जाहीर करता येतो (आपल्याकडे त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही). गोची पॉइंटची आहे. एडिटला पॉइंट ठेवले की लोक एकच परिच्छेद दहा वेळा सेव्ह करतात, आज स्वल्पविराम, उद्या काना. गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या साइटवर, प्रोफाइलला सलग किती दिवस काम केलं तो आकडा दिसायचा, तो तुटू नये म्हणून रविवारीसुद्धा काहीतरी ढकलणारे होते, शेवटी 2016 मध्ये तो आकडाच काढला.

नुसता गप्पांचा कट्टा हाही उपाय नाही. इंग्रजी विकिपीडियावर 2005 मध्ये एस्पेरांझा नावाचा गट निघाला, लिहिणाऱ्यांनी कंटाळून सोडून जाऊ नये म्हणून. वाढदिवस, कॉफी लाउंज, वर निवडून दिलेली कौन्सिल, आणि वर्ष-दीड वर्षात लोक विचारायला लागले की ह्याचा ज्ञानकोशाशी संबंध काय, मग बंद.

तिथे टिकलं ते 2013 मध्ये आलेलं धन्यवादचं बटण. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदलापुढे ते असतं, दाबलं की त्या माणसाला नोटिफिकेशन जातं की तुमच्या अमुक बदलाबद्दल आभार. लेखाखाली आकडा नाही, कोणाला किती मिळाले याची शर्यत नाही. समजा लिंबच्या बारामोटेच्या विहिरीच्या पानावर कोणी मोटांच्या जागांचे नीट फोटो चढवले, तर आभार त्या फोटोंचे, माणूस किती गोड बोलतो याचे नाही. तुम्हाला एवढंच पाहिजे. एको (नोटिफिकेशनसाठी) आणि थँक्स (धन्यवादच्या बटणासाठी) ही दोन एक्स्टेन्शन टाका, ईमेल चालू ठेवा कारण तुमची मंडळी साइटवर येतच नाहीत म्हणताय.

लेखाखाली वाचकांच्या अभिप्रायाची चौकट मात्र नकोच. विकिपीडियाने ती पण करून पाहिली, उपयोगाचं थोडं, कचरा जास्त, तो निवडत बसणार कोण? 2014 मध्ये गुंडाळली. त्यांच्याकडे माणसं होती तरी ही गत, तुमच्याकडे तर तिघंच आहेत.

आणि व्हॉट्सॲपशी भांडू नका. ही बारव यादवकालीन का शिवकालीन हा वाद तिथेच रंगणार, रंगू दे, फक्त ज्याने पुरावा दिला त्याला सांगा की तेवढा मेसेज त्या पानाच्या चर्चा पानावर चिकटव. त्याने चिकटवला की रात्रीच्या आत कोणीतरी धन्यवाद दाबायचं, ही ड्यूटी पहिले दोन महिने त्या लाइकवाल्या मुलाकडेच द्या.