कासव बघायचंय, पण कान दुखतात! : डायव्हिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

बेटावरच्या सुट्टीत स्कूबा डायव्हिंग करू इच्छिणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : मला पोहता येत नाही. प्रमाणपत्राशिवाय एका दिवसात डायव्हिंग करवून आणतात म्हणे. जावे का?

जाता येईल. अशा अनुभवासाठीच्या डायव्हला बहुतेक ठिकाणी पोहण्याची अट नसते. प्रशिक्षक हाताच्या अंतरावर असतो आणि 12 मीटरच्या खाली नेत नाही. प्रमाणपत्राच्या कोर्सला मात्र साधारण 200 मीटर पोहून आणि 10 मिनिटे तरंगून दाखवावे लागते. आरोग्याच्या फॉर्मवर दमा, फिट्स, हृदयविकार, पूर्वी झालेले फुप्फुसाचे आजार, गर्भारपण यातले काही असेल तर खरे लिहा. डोळे झाकून सगळीकडे ‘नाही’वर खूण करणारे बरेच असतात आणि तेच सर्वांत धोक्यात असतात.

पाण्याखाली एक नियम कधीच मोडायचा नाही: श्वास रोखून धरायचा नाही. 10 मीटरवर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. तोंड-नाक बंद ठेवून वर आलात तर तिला वाट मिळत नाही आणि फुप्फुस फाटू शकते. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारे उपकरण) तोंडातून निसटला असेल तेव्हाही बारीक बुडबुडे सोडत राहा.

प्रश्न : दोन-तीन मीटर खाली गेले की कान असह्य दुखतात. बाकीचे सगळे कासवापाशी पोहोचतात, मी दोराला धरून वरच. काय चुकते?

बहुतेकदा उशीर चुकतो. घाटात दडे बसतात तोच हा प्रकार, फक्त पाण्यात तो फार झपाट्याने होतो. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच पडतो. कानाच्या पडद्याआडची हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. ती भरून काढायला घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडावी लागते. दुखेपर्यंत थांबलात तर दाबाने तिचे तोंड चिकटून बसते, मग कितीही फुंका, उघडत नाही.

म्हणून पहिली फुंकर पाण्याच्या वर असतानाच. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि हलकेच नाकात हवा ढकला. कानात बारीक ‘टक्’ झाले की पुरे. नंतर दर अर्ध्या मीटरला तेच, दुखायची वाट न बघता. पाय खाली, डोके वर ठेवून दोराला धरून उतरा. डोके खाली करून उतरताना नळी उघडायला जड जाते. एकच कान अडला तर तो वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करा किंवा नाक धरून आवंढा गिळा. दुखायला लागले तर एक मीटर वर या, मोकळे करा आणि पुन्हा उतरा. जोर लावून फुंकू नका. आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते.

सर्दी असेल तर त्या दिवशी डायव्ह नाही. नाक मोकळे करणारी गोळी किंवा स्प्रे घेऊन उतरणारे असतात. औषधाचा असर खालीच ओसरला तर वर येताना कानात हवा कोंडते, आणि वर तर यावेच लागते.

प्रश्न : माझी हवा अर्ध्या तासात संपते आणि माझ्यामुळे सगळ्यांना वर यावे लागते. मोठी टाकी मागू का?

आधी गणित पाहा. 12 लिटरची टाकी 200 बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) भरली की तिच्यात सुमारे 2,400 लिटर हवा असते. 50 बार राखीव सोडले की उरतात 1,800. निवांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर वापरतो असे धरा. 10 मीटरवर तेच 40 होतात, म्हणजे 45 मिनिटे. धापा टाकणारा 30 वापरत असेल तर अर्ध्या तासात खेळ आटोपतो.

धाप लागण्याचे नेहमीचे कारण खाली जाता यावे म्हणून कमरेला लावलेले जादा शिसे. वजन जास्त झाले की पाय खाली लोंबतात, तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमध्ये हवा भरावी लागते आणि तिरके शरीर पाणी कापत पुढे ढकलावे लागते. पृष्ठभागावर जॅकेट पूर्ण रिकामे करा, नेहमीचा श्वास घेऊन क्षणभर स्थिर राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आले आणि श्वास सोडल्यावर सावकाश बुडालात तर वजन ठीक. टाकी भरलेली असताना ही तपासणी केली तर साधारण 2 किलो जादा लावा, कारण शेवटी टाकीतली तेवढी हवा गेलेली असते. हातांनी पाणी मारणे सोडा. हात छातीशी बांधले की हवा तर वाचतेच, मासेही जवळ येतात.

प्रश्न : कासव आणि मांटा रे जवळून बघायचे तर कसे जावे? आम्ही गेलो की निघूनच जातात.

तुम्ही जाऊच नका, त्यांना येऊ द्या. समोरून किंवा मागून पोहत येणारा प्राणी कासवाला शिकारी वाटतो. बाजूने, त्याच्याच पातळीवर, चार-पाच मीटरवर थांबा. ते खात असेल तर खाणे सुरू राहते का बघा. मान वर करून थबकले किंवा पंख जोरात मारले तर मागे सरका. त्याच्या डोक्यावर कधी थांबू नका. त्याला श्वासासाठी वर जायचे असते आणि तुम्ही त्याची वाट अडवलेली असते.

मांटा रे म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेला मोठा चपटा मासा. त्याची जागा ठरलेली असते: प्रवाळाचा एखादा उंचवटा, जिथे छोटे मासे त्याच्या अंगावरचे परजीवी टिपतात. डायव्हरांनी तिथे गर्दी केली की तो सफाई अर्धवट टाकून निघून जातो. उंचवट्यापासून दूर, वाळूवर किंवा मोकळ्या खडकाजवळ खाली राहा, पोहू नका. तो डोक्यावरून जात असेल तर श्वास सावकाश सोडा. बुडबुड्यांचा लोट पोटावर आला की तो वळतो. हात लावायचा नाही, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे संरक्षण असते.

आणखी एक: लोंबणारा गेज (टाकीतला दाब दाखवणारे उपकरण) आणि जादा रेग्युलेटर जॅकेटला अडकवून टाका. त्यांच्यात अडकूनही प्रवाळाच्या फांद्या मोडतात. खाली वाळू असेल तर पाय वर-खाली न मारता बेडकासारखे बाजूला मारा, नाहीतर उडालेली वाळू प्रवाळावर बसते.

(दिसलेला शार्क किती मोठा हे सांगताना एक चतुर्थांश वजा करावे. मास्कमधून सगळे सुमारे 33 टक्के मोठे दिसते.)

प्रश्न : एक मासा अंगावर धावून आला, फिन्सला (पायातल्या रबरी वल्ह्यांना) चावा घेऊन गेला. शार्कपेक्षा त्याचीच भीती बसली.

वर्णनावरून तो टायटन ट्रिगरफिश असावा. हिंदी-प्रशांत महासागरातला हा मासा वाळूत खळगा करून अंडी घालतो आणि त्यावर पहारा देतो. त्याचा इलाका खाली अरुंद आणि वर पसरत जाणारा, शंकूसारखा असतो. घाबरून वर पळालात तर त्याच्याच हद्दीत राहता. आडवे दूर पोहा, तोंड त्याच्याकडे आणि फिन्स मध्ये ढालीसारख्या धरून. पाठीवरचा काटा उभा केला की इशारा समजा.

लायनफिश किंवा स्टोनफिश हे विषारी काट्यांचे मासे अंगावर येत नाहीत. हात-पाय टेकवाल तर काटा घुसतो. तसे झाले तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, तो भाग 30 ते 90 मिनिटे बुडवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. घट्ट पट्टी बांधू नका, आणि डॉक्टरकडे जाच.

प्रश्न : चष्मा आहे. मास्कवर धुकेही येते.

नंबरची मास्क मिळते, आधी विचारून ठेवा. धुक्यासाठी थोडी थुंकी आतून चोळून विसळा. नवी मास्क असेल तर आधी टूथपेस्टने काच घासून काढा, तिच्यावर कारखान्यातला थर असतो.

प्रश्न : शेवटच्या दिवशी सकाळी डायव्ह आणि संध्याकाळी विमान, जमेल का?

नाही. एकच साधी डायव्ह असेल तर किमान 12 तास, रोज किंवा दिवसात अनेकदा उतरत असाल तर किमान 18 तास, आणि वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागणारी डायव्ह असेल तर त्याहून जास्त. शरीरात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. सांधेदुखी, मुंग्या किंवा न जाणारा थकवा जाणवला तर ऑक्सिजन आणि तातडीने डॉक्टर. पर्वतात उंचावर जाणारी गाडी किंवा हेलिकॉप्टरची सफरही याच हिशेबात धरा. शेवटच्या दिवशी स्नॉर्केल (पाण्याबाहेरची हवा घ्यायची नळी) घेऊन पृष्ठभागावर तरंगा. कासवे श्वास घ्यायला तिथेच येतात.