जवळ जाऊन शिट्टी वाजवा

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की ऑगस्टमध्ये आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टच्या मैदानावर लहान मुलांच्या सॉकरसाठी, म्हणजे आपल्या फुटबॉलसाठी, स्वयंसेवक रेफ्रींचे वर्ग भरतात आणि गेली अकरा वर्षं मी ते घेते. त्यावर बरीच पत्रं आली. चार निवडली आहेत. बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून आधीच सांगते: मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. पाटाकडील आणि प्रॅक्टिस या दोन फुटबॉल संघांची मॅच असली की शाहू स्टेडियमवरचा कल्ला आमच्या माडीपर्यंत ऐकू यायचा. भाऊ बघायला जायचे, मी माडीवरून ओरड्यावरून गोल ओळखायची. मैदानात पाय ठेवला तो थेट इथे, चाळिशीत, गळ्यात शिट्टी अडकवून.

*

*ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे, इथे एवायएसओ या मुलांच्या सॉकर संस्थेच्या टीममध्ये खेळते. कोचचा ईमेल आला की प्रत्येक टीमकडून एक तरी रेफ्री हवाच. बाकीच्या पालकांनी हात वर केले आणि मी ‘हो’ म्हणून बसले. शाळेत लंगडी आणि खो-खो सोडून मी काही खेळलेले नाही. नवरा कामासाठी सतत फिरतीवर. मला जमेल का? — एक आई, सॅन होजे*

जमेल. खो-खो खेळलात ना? मग समोरचा कुठे वळणार हे त्याच्या खांद्यावरून ओळखणं तुमच्या अंगात आहे. रेफ्रीचं निम्मं काम तेच असतं.

ही संस्था १९६४ साली लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समध्ये नऊ टीमवर सुरू झाली. ‘प्रत्येक मूल खेळणार’ हे तिचं पहिलं तत्त्व. कोच आणि रेफ्री हे सगळे तुमच्याआमच्यासारखे पालक. त्यामुळे वर्गात तुम्हाला कुणी ‘तू कुठल्या क्लबकडून खेळलीस’ असं विचारणार नाही. आधी घरबसल्या ऑनलाइन धडे असतात: मुलांची सुरक्षितता, डोक्याला मार लागला तर काय करायचं, वगैरे. पार्श्वभूमीची तपासणी होते. मग प्रत्यक्ष वर्ग. आठ वर्षांच्या आतल्यांसाठीचा वर्ग काही तासांचाच. तुम्ही तिथूनच सुरुवात करा, थेट मोठ्या मुलांच्या मॅचला जाऊ नका. चार विरुद्ध चार, गोलकीपर नाही, तीन नंबरचा छोटा बॉल, दहा-दहा मिनिटांचे चार भाग. त्या मुलांना रेफ्रीपेक्षा बुटाची नाडी बांधून देणारं कुणीतरी जास्त लागतं.

फुटबॉलचे नियम सतराच आहेत. ते वाचून होतात. शिकवून लवकर येत नाही ती एक गोष्ट, कुठे उभं राहायचं. नवीन रेफ्री मध्यवर्तुळात खांबासारखा उभा राहतो, कारण तिथून सगळं दिसतं असं त्याला वाटतं. तीस यार्डांवरून पाय आधी बॉलला लागला की पोटरीला, हे कुणालाच कळत नाही. तुमचा निर्णय बरोबर असला तरी समोरचा म्हणतो, ‘तिथून तुला काय दिसलं?’ आणि तुम्ही दहा पावलांवर असलात, तर चुकलात तरी मुलं ते ऐकून घेतात. त्यांनी तुम्हाला धावताना पाहिलेलं असतं. आपल्या माणसांना ‘मला नियम येत नाहीत’ याची धास्ती असते. धावण्याची तयारी करा. जूनपासून संध्याकाळी वीस मिनिटं, थोडं जोरात, थोडं चालत, थोडं उलटं आणि तिरकं. उलटं धावण्याचा सराव गवतावरच करा.

शिट्टीचं एक सांगते. तोंडात धरून धावू नका, हातात ठेवा. तोंडात असली की डोक्याच्या आधी वाजते. हातात असली की वर नेईपर्यंत एक क्षण मिळतो, आणि त्या क्षणात दिसतं की पडलेलं पोर उठून बॉलमागे पळालंसुद्धा. मग वाजवायची गरजच राहत नाही. मी फॉक्स ४० वापरते, तिच्यात आत गोळी नसते, त्यामुळे पावसात किंवा थुंकीनं अडत नाही. पण वाजवायची तर मन लावून वाजवा. पुटपुटल्यासारखी वाजवलीत तर मुलं थांबत नाहीत, आणि न थांबलेल्या खेळातच कुणालातरी लागतं.

याच्यापुढचं जरा जड आहे, तरी वाचा. माझ्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी, बाराच्या आतल्यांची मॅच. जवळून जोरात मारलेला बॉल एका मुलाच्या कानशिलावर बसला. मी लांब होते. तो गुडघ्यावर बसला आणि लगेच उठला. ‘बॉल बाहेर गेला की बघू’ म्हणून मी खेळ चालू ठेवला. बॉल बाहेर जायला अर्धं मिनिट लागलं असेल. जवळ गेले तेव्हा तो म्हणाला, ‘आयॅम फाइन,’ पण बोलताना माझ्या खांद्यामागे कुठेतरी बघत होता. मी त्याला बाहेर पाठवलं. संध्याकाळी डॉक्टरांनी कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याचं सांगितलं. तो बरा झाला. पण ते अर्धं मिनिट माझं होतं, त्याचं नव्हतं, आणि तेव्हापासून डोक्याला लागलं की मी बॉल कुठे आहे ते बघतच नाही. शिट्टी, घड्याळ थांबवायचं, कोचला आत बोलवायचं. खेळ नंतर ड्रॉप बॉलनं, म्हणजे रेफ्रीनं हातातून बॉल खाली सोडून, सुरू करता येतो. कॅलिफोर्नियात २०१७ पासून कायदाच आहे: कन्कशनची शंका आली की मुलानं त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही, आणि नंतरही डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. कोच म्हणेल ‘ठीक दिसतोय की’, आई म्हणेल ‘शेवटची पाच मिनिटं’. तुम्ही नाहीच म्हणायचं. दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना तर मुद्दाम हेडिंग करायलाच, म्हणजे डोक्यानं बॉल मारायलाच, बंदी आहे. केलं तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल होत नाही अशी. काही ठिकाणी ही मर्यादा बारापर्यंत आहे, तुमच्या विभागाला विचारून घ्या.

*

*मुलीचे कान नुकतेच टोचलेत. रिंगांवर टेप लावून पाठवलं, तरी रेफ्रीनं खेळू दिलं नाही. मनगटातला काळा दोराही सोडायला लावला. इतकं ताणायची खरंच गरज होती का? — डब्लिन, कॅलिफोर्निया*

होती. चौथा नियम दागिन्यांना सरसकट मनाई करतो आणि टेप लावून झाकणंही चालत नाही. शर्ट ओढताना रिंग अडकली तर टेप काही कानाची पाळ वाचवत नाही. दोऱ्याचंही तेच, दुसऱ्याचं बोट त्यात अडकतं. दृष्ट लागू नये म्हणून बांधला असेल तर तो खेळाच्या तासाभरासाठी आजीच्या मुठीत राहू दे. रेफ्रीच्या खिशात मात्र देऊ नका, आम्ही हरवतो. वैद्यकीय माहितीचं ब्रेसलेट असेल तर ते माहिती दिसेल अशा बेतानं टेप करून चालतं. कान टोचायचेच असतील तर नोव्हेंबरमध्ये सीझन संपल्यावर टोचा, पुढच्या ऑगस्टपर्यंत भोक पक्कं झालेलं असतं.

*

*मावशी, मी १४ वर्षांचा आहे. आई हे मराठीत लिहून देतेय. गेल्या शनिवारी दहाच्या आतल्यांची मॅच मी एकट्यानं केली. एक मुलगा मधल्या रेषेच्या थोडा पुढे उभा होता, त्याला पास मिळाला, त्यानं गोल केला. एक काका ‘ऑफसाइड! आंधळा आहेस का?’ असं ओरडत राहिले, मॅच संपेपर्यंत. मी गोल दिला होता, पण मला आता खात्री नाही. मला परत जायचं नाही. — प्लेझंटन*

बाळा, तुझा गोल बरोबर होता.

दहाच्या आतल्या मुलांच्या मैदानावर, म्हणजे सात विरुद्ध सात, मधली रेषा आणि पेनल्टी एरिया यांच्या बरोबर मध्ये एक बिल्ड-आउट लाइन असते. मोठ्यांच्या खेळात ऑफसाइड, म्हणजे पास निघताना समोरच्या टीमच्या बचावफळीच्याही पुढे उभं असणं, मधल्या रेषेपासून लागतो, इथे तो त्या लाइनच्या पुढे लागतो. तू म्हणतोस तो मुलगा मधल्या रेषेच्या थोडाच पुढे होता. तिथे ऑफसाइड होऊच शकत नाही. त्या काकांनी टीव्हीवर मोठ्यांचं फुटबॉल बघितलंय, त्यांना ही लाइन माहीत नाही. तुला माहीत होती, पण ओरड्यानं ती डोक्यातून उडाली. पुढच्या वेळी किक-ऑफच्या आधी दोन्ही कोचना त्या लाइनपाशी घेऊन जा आणि बोट दाखवून सांग, ‘ऑफसाइड इथून.’ मैदानाबाहेरचेही ऐकतात.

आणि आई, हे तुमच्यासाठी. त्या मैदानावर या मुलाच्या मागे एकही मोठं माणूस का नव्हतं? पहिल्या काही मॅचेसना अनुभवी रेफ्री रेषेवर उभा असायला हवा. तुमच्या विभागाच्या रेफ्री प्रमुखांना आजच लिहा, तारीख, वेळ, मैदान सगळं घालून. याला कुणी चुगली म्हणणार नाही. चौदा वर्षांच्या पोरावर पन्नास मिनिटं ओरडणारा माणूस त्याच वेळी दहा वर्षांच्या चौदा मुलांनाही शिकवत असतो की असं ओरडलं तरी चालतं. मला याचा फार राग येतो आणि तो लपवायचा नाही असं मी ठरवलंय.

आता तू. पालकांशी तू बोलायचंच नाहीस, कार्डही त्यांना नसतं. खेळ थांबव, त्या बाजूच्या कोचकडे चालत जा, पळत नको, आणि एवढंच म्हण: ‘कोच, तुमच्या बाजूचा आवाज थांबवायला मला तुमची मदत हवी आहे. ते शांत झाले की मी खेळ सुरू करतो.’ आणि खरंच थांब. थांबल्यावर सगळे पालक त्या एका माणसाकडे वळून बघतात. तरीही थांबला नाही, तर मॅच तिथेच सोडून देण्याचा अधिकार पाचव्या नियमानं तुला दिलाय, तू चौदाचा असलास तरी. घरी येऊन अहवाल लिही. त्यात मत नको, काय ऐकलं तेवढंच.

केन अ‍ॅस्टन म्हणून एक इंग्लिश रेफ्री होते, पेशानं शाळामास्तर. १९६२ च्या वर्ल्ड कपमध्ये चिली आणि इटलीची मॅच त्यांच्याकडे होती. ती इतकी पेटली की पोलिसांना मैदानात यावं लागलं. चार वर्षांनी, लंडनमध्ये गाडी चालवताना सिग्नलचे दिवे बघून त्यांना पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना सुचली. १९७० च्या मेक्सिकोच्या वर्ल्ड कपमध्ये ती पहिल्यांदा वापरली. तुझ्या खिशातली कार्डं ती हीच. आणि पुढे म्हातारपणी हे गृहस्थ अमेरिकेत येऊन आमच्या एवायएसओच्या स्वयंसेवक रेफ्रींना शिकवत असत. त्या भयंकर मॅचनंतर त्यांनी शिट्टी भिंतीला टांगली नाही, म्हणून आज ती कार्डं आहेत. या शनिवारी मॅच घे. एकटा नको, मोठ्या रेफ्रीबरोबर लाइनवर झेंडा घेऊन उभा राहा. पुढच्या शनिवारी मैदानात मध्ये.

*

*मी कोल्हापूरजवळच्या एका हायस्कुलात पीटी शिकवतो. पाचवी-सहावीच्या मुलांच्या मॅचेस घेतो, पण रेफ्री मीच, स्कोअरर मीच. नववीच्या मुलामुलींना तयार करावं म्हणतो. तुमच्याकडच्या पद्धतीतलं काय उपयोगी पडेल? — करवीर तालुका*

सर, तुमचं पत्र वाचून घरी गेल्यासारखं वाटलं.

रीतसर रेफ्री व्हायचं तर त्या कोर्ससाठी कोल्हापुरात केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, चौकशी करावी. पण नववीच्या मुलांसाठी त्याआधीचं पुष्कळ तुम्हीच करू शकता. नियमांचं पुस्तक इफाबच्या, म्हणजे फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या, वेबसाइटवर फुकट आहे, इंग्रजीत. सतराच्या सतरा नियम वाचायला देऊ नका. आठवड्याला एक घ्या आणि तो मैदानावर उभं राहून मराठीत सांगा.

सगळ्यात आधी गोलपोस्ट. उचलून ठेवायचे लोखंडी पोस्ट असतील तर मागच्या पाइपवर वाळूची पोती टाका. त्याशिवाय मॅच नाही, हे नववीच्या मुलांना पाठ करून टाका. आडव्या पाइपला लोंबकळणं हा पोरांचा आवडता उद्योग आणि असे पोस्ट अंगावर पडून मुलं दगावली आहेत. रेफ्रीनं मॅचआधी स्वतःच्या हातानं पोस्ट हलवून बघायचा.

मग फक्कीनं मैदानावर एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत रेष मारा. त्या रेषेच्या आसपास धावायचं, म्हणजे बॉल आणि लाइनवरचा सहायक दोघं डोळ्यांसमोर राहतात. पहिल्या दिवशी शिट्टी देऊच नका. पाचवीच्या मुलांना खेळू द्या, नववीचा एक जण नुसता त्यांच्याबरोबर धावेल, आणि तुम्ही मध्येच टाळी वाजवलीत की त्यानं जिथे आहे तिथेच थांबायचं. मग बॉलपर्यंतची पावलं मोजायची. पंधराच्या वर गेली की दुसऱ्याची पाळी. इतकं साधं आहे, पण आमच्याकडे पन्नाशीचे इंजिनिअरही यात घामाघूम होतात. दुसऱ्या आठवड्यात इशारे. इनडायरेक्टला हात वर, आणि बॉल दुसऱ्या कुणाला लागेपर्यंत किंवा बाहेर जाईपर्यंत वरच. पोरं हात लगेच खाली घेतात, तिथे टोका. शिट्टी तिसऱ्या आठवड्यात.

मुलींना मागे ठेवू नका. ‘लाइनवर उभी राहा, मध्ये मुलगा असू दे’ असं आपोआप घडतं, मी इथेही बघते.

फेब्रुवारीत मी तीन आठवडे कोल्हापुरात आहे. संपादकांकडून माझा नंबर घ्या. रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, मुलांना मैदानावर बोलवा. शिट्ट्या मी घेऊन येते, फक्की तेवढी तुम्ही आणा.