चिकात ‘प्रतिजैविकं’ असतात का?

परभणीच्या एका वाचकांनी पशुपालनाच्या पत्रकातलं वाक्य पाठवलंय: ‘वासराला चिकातून प्रतिजैविके मिळतात व हगवण टळते.’ त्यांचं विचारणं असं की इथं ‘प्रतिपिंडे’ हवं होतं का, आणि ‘प्रतिद्रव्ये’ म्हणजे आणखी तिसरंच काही का?

वाक्यातली गोष्ट खरी, शब्द तेवढा चुकला. प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक: जंतू मारणारं किंवा त्याची वाढ रोखणारं औषध. चिकात, म्हणजे व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधात, असतात त्या अँटिबॉडीज, म्हणजे प्रतिपिंडं: रोगजंतूंशी लढायला शरीर स्वतःच बनवतं ती प्रथिनं. प्रतिद्रव्य हे त्यांचंच दुसरं नाव.

‘प्रतिपिंड’ मला कधी आवडला नाही. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९१ मध्ये जर्मनमध्ये ‘अँटिक्योर्पर’ वापरला, इंग्रजीनं त्याचं ‘अँटिबॉडी’ केलं आणि आपण ‘बॉडी’चा पिंड पाडला. गावाकडच्या माणसाला पिंड म्हटलं की कावळाच आठवणार! शिवाय पिंड पुल्लिंगी, तरी सगळे ‘प्रतिपिंडे’ असं नपुंसकलिंगी लिहितात. मीही लिहितो. आता तो रुळलाय, बदलायला जाऊ नये.

उलट ‘चीक’ बघा. रुईचा चीक, कुरडयांचा चीक, व्यालेल्या गाईचा चीक. चिकट, चिकटणं हे शब्द कानाला त्याच घरातले वाटतात, आणि गंमत म्हणजे इथं सगळा खेळ चिकटण्याचाच आहे. वासरांना हगवण लावणारे ई. कोलाय जंतू बारीक तंतूंनी आतड्याच्या अस्तराला धरून बसतात. प्रतिपिंडं त्या तंतूंनाच जाऊन चिकटतात. जंतूला धरायला जागा उरत नाही, तो शेणावाटे बाहेर पडतो. म्हणून गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत लस टोचतात. प्रतिपिंडं तिच्या अंगात तयार होतात आणि चिकातून वासराच्या पोटात उतरतात. ऑस्ट्रेलियात तर अशा लस दिलेल्या गाईंच्या चिकापासून माणसांसाठी, प्रवासातल्या जुलाबावर, गोळ्या केल्यात.

माणसाच्या बाळाला काही प्रतिपिंडं पोटात असतानाच नाळेतून मिळतात. वासराला नाही. गाय देवणी जातीची असो की लाल कंधारी, वासरू जवळजवळ कोऱ्या अंगानंच जन्मतं, आणि चिकातली प्रतिपिंडं आतड्यातून रक्तात शिरायची वाट साधारण पहिल्या २४ तासांतच मिटते. आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणायची, ‘जार पडल्याबिगर वासरू लावू नगा.’ जार (वार) अडला की वासराचे तेच मोलाचे तास जायचे.

पत्रकात मी एवढंच लिहिलं असतं: ‘वासराला चिकातून प्रतिपिंडे (रोगजंतूंना आतड्याला चिकटू न देणारी प्रथिने) मिळतात, पहिल्या दोन तासांत चीक पाजावा.’

आणि खरवस? चीक तापवल्यावर घट्ट बसतो तो बराचसा या प्रतिपिंडांमुळंच, पण उकडल्यावर ती कामाची राहत नाहीत. तेव्हा वासराचं पोट भरू द्या, मग उरलेल्याच्या गूळ-वेलदोडा घालून वड्या पाडा.