वाचकांचे प्रश्न : जुन्या कॉमिक्सची किंमत कशी ठरते?

जुनी कॉमिक्स जमवणाऱ्या, तसेच घरात अचानक सापडलेल्या गठ्ठ्याचे काय करावे या विचारात पडलेल्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत 1968 ते 1979 या काळातील मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स' सापडली. प्रत्येक वर्षाचे अंक पुठ्ठ्याच्या बांधणीत एकत्र शिवलेले आहेत. एकेक अंक हजारो रुपयांना विकला जातो, असे ऐकते. बांधणी उसवून अंक सुटे करावेत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एवढ्यात तरी बांधणी उसवू नका. त्या काळी घरोघरी वर्षाचे अंक बाइंडरकडे देण्याची पद्धत होती आणि त्यामुळेच अनेक अंक रद्दीत जाण्यापासून वाचले, हे खरे. परंतु बाइंडर कडेने टाके घालतो, पिना काढून टाकतो आणि शेवटी खंड कटिंग मशीनखाली सरकवून तिन्ही बाजू तासून घेतो. संग्राहकाच्या दृष्टीने हे तासणे सर्वांत मोठे नुकसान असते, कारण टाके उसवता येतात, पण कापून गेलेला कागद परत येत नाही. तेव्हा प्रथम एखादा न बांधलेला अंक मिळवावा आणि त्याच्याशी आपल्या अंकांची लांबी-रुंदी पट्टीने ताडून पाहावी. मुखपृष्ठावरील किंमत किंवा चित्राचा कडेचा भाग कापला गेला आहे का, मलपृष्ठे जागेवर आहेत का, आणि काही बाइंडर करत असत त्याप्रमाणे जाहिरातींची पाने काढून टाकली आहेत का, हेही तपासावे. कडा तासलेल्या असतील तर खंड आहे तसाच ठेवणे शहाणपणाचे ठरते. वर्षभराचे सलग अंक एकत्र असलेला खंड वाचनासाठी घेणारे ग्राहक असतात. उसवलेल्या, टाक्यांची भोके पडलेल्या सुट्या अंकांना मात्र फारसे कोणी विचारत नाही.

आता किमतीविषयी. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशनसंस्थेने मार्च 1964 मध्ये ही मालिका सुरू केली. पहिले 32 अंक केवळ वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतील 'फँटम' या नायकाचे होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन इत्यादी नायक आले आणि 1976 मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर हा भारतीय नायक त्यांत दाखल झाला. मासिक म्हणून सुरू झालेली ही मालिका पुढे पाक्षिक आणि नंतर साप्ताहिक झाली आणि 1990 मध्ये बंद पडली, तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते. (इंग्रजी मालिकेतील 123 आणि 124 हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत, कोणी ते 'अतिदुर्मीळ' म्हणून विकायला आणले, तर हसून पुढे जावे.) साधारणपणे क्रमांक जितका जुना तितकी मागणी अधिक. त्या मानाने आपल्या संग्रहातील वर्षे मधल्या काळातली आहेत.

मराठी आवृत्तीच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार आढळतो. मराठी अंक इंग्रजीपेक्षा कमी शिल्लक आहेत, म्हणून ते अधिक महाग असले पाहिजेत, असे विक्रेते सांगतात. प्रत दुर्मीळ असणे ही एक गोष्ट आणि तिच्यासाठी दोन माणसे एकाच वेळी पैसे घेऊन उभी असणे ही दुसरी. इंग्रजी 'इंद्रजाल'ला परदेशातून मागणी येते, कारण ऑस्ट्रेलियात 1948 पासून आणि स्वीडनमध्ये 1950 पासून वेताळाची कॉमिक्स सलग निघत आली आहेत आणि तेथील वेताळप्रेमी जगभरच्या आवृत्त्या जमवतात. त्यांतील एखादा प्रत्येक भाषेचा एकेक नमुना हवा म्हणून मराठी अंक घेईलही. पण तो एकच घेतो, बारा वर्षांचा संच घेत नाही. संच घेणारा माणूस लहानपणी मराठीतून वेताळ वाचलेलाच असणार आणि त्याच्यासारखे हौशी व ऐपतदार लोक मोजकेच आहेत. म्हणून मराठी अंकांचे भाव स्थिर नसतात. दोन हट्टी संग्राहकांना एकच अंक हवा असला की भाव आकाशाला भिडतो आणि पुढच्याच महिन्यात तोच अंक त्याच्या निम्म्यातही पडून राहतो. आपण ऐकलेले 'हजारो रुपये' बहुधा विक्रेत्यांनी मागितलेले आकडे असावेत. संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे न विकलेल्या अंकांवरही पाच आकडी किमती लावलेल्या दिसतात. जो व्यवहार पुरा झाला, पैसे हाती आले, त्याच व्यवहारातील किंमत बाजारभाव म्हणून धरावी. परदेशी लिलावस्थळांवर पूर्ण झालेल्या विक्रीची यादी वेगळी पाहता येते. भारतीय कॉमिक्ससाठी सर्वमान्य असे दरपुस्तक नाही, त्यामुळे अशा पुऱ्या झालेल्या व्यवहारांची नोंद आपली आपणच वहीत ठेवावी लागते. तीत अंकाची अवस्थाही लिहावी, नाहीतर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

प्रश्न : माझ्याकडे 'अमर चित्र कथा'चा 'कृष्ण' हा जुना अंक आहे. तो पहिल्या आवृत्तीचा आहे की नाही, हे कसे ओळखावे? विक्रेता 'पहिली आवृत्ती' म्हणतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या मालिकेच्या बाबतीत विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये, कारण तिच्या लोकप्रिय अंकांची पुनर्मुद्रणे असंख्य वेळा झाली आहेत आणि जुनी दिसणारी प्रत पहिलीच असेल असे मुळीच नाही. अनंत पै यांनी 1967 मध्ये इंडिया बुक हाऊससाठी ही मालिका उभी केली. राम वाईरकर यांनी चितारलेल्या 'कृष्ण' या अंकाचा मूळ क्रमांक 11 होता, कारण आधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांच्या अंकांना दिलेले होते. पुढे नव्या क्रमवारीत 'कृष्ण'ला 501 हा क्रमांक मिळाला. तेव्हा आपल्या प्रतीवर पाचशेच्या घरातील क्रमांक असेल, तर प्रश्न तेथेच मिटला.

क्रमांक 11 असला तरीही पुढची तपासणी करावी, आणि तिच्यासाठी आतील बारीक टाइपातला प्रकाशक-मुद्रकाचा पत्ता फार उपयोगी पडतो. आपल्या देशात सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. पत्त्यात 'मुंबई 400 0..' असा पिनकोड छापलेला असेल, तर ती प्रत त्या तारखेनंतरची आहे, मग कागद कितीही पिवळा पडलेला असो. पत्त्यात शहरानंतर नुसता एक किंवा दोन आकडी विभाग-क्रमांक असेल, तर प्रत त्याआधीची असण्याची शक्यता बळावते. इंग्रजी प्रतीत 'बॉम्बे'ऐवजी 'मुंबई' असेल तर ती 1995 नंतरची, आणि प्रकाशक म्हणून 'एसीके मीडिया'चे नाव असेल तर 2007 नंतरची. मलपृष्ठावर अंकांची यादी छापलेली असल्यास तीही वाचावी. जो अंक 1975 साली निघाला त्याचे नाव 1970 च्या प्रतीच्या यादीत येऊ शकत नाही. आरंभीचे अंक खर्च वाचवण्यासाठी मोजक्या रंगांत छापले जात असत, पुढे ते पूर्ण रंगीत झाले, त्यामुळे आतील पानांचे रंगही साक्ष देतात. या सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच जादा पैसे मोजावेत.

रंगीत झेरॉक्सच्या नकलाही अधूनमधून आढळतात. साध्या भिंगाखाली जुन्या ऑफसेट छपाईत निरनिराळ्या रंगांचे ठिपके एकमेकांशेजारी नीट मांडलेले दिसतात. नकलेत ते विस्कटलेले दिसतात आणि काळा मजकूरही कडांना फुटलेला असतो.

प्रश्न : पावसाळ्यात अंकांना बुरशी येते. लॅमिनेशन करून घेतले तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको, आणि फाटलेल्या पानांना सेलोटेपही नको. लॅमिनेशन केलेला अंक संग्राहक विकत घेत नाहीत. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि डाग कायमचा राहतो. ही कॉमिक्स स्वस्त कागदावर छापलेली असल्याने त्यातील आम्लामुळे पाने आपोआपच पिवळी आणि ठिसूळ होत जातात. उष्णता, ऊन आणि दमटपणा यांमुळे तो वेग वाढतो. कोकणात त्यात गंजणाऱ्या पिनांची भर पडते. पिनेभोवती तांबूस वलय दिसू लागले, की मधले पान सुटण्याच्या बेतात आहे असे समजावे.

पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा आणि अंक उभे ठेवण्यासाठी खोका, एवढे पुरेसे आहे. बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पिशव्या मुखपृष्ठाच्या शाईला चिकटतात, त्या टाळाव्यात. खोके बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये, जमिनीवर तर नकोच. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे. कडुनिंबाची पाने मात्र अंकाच्या आत घालू नयेत, त्यांचा डाग पडतो. बुरशी आलेला अंक ओला असताना पुसू नका, कारण ती पसरते. प्रथम पंख्याखाली सावलीत पूर्ण वाळू द्या, मग घराबाहेर, तोंडावर मास्क लावून, मऊ कुंचल्याने अलगद झाडा.

प्रश्न : येथील एका गॅरेज सेलमध्ये 'इनक्रेडिबल हल्क' मालिकेचा 181 वा अंक स्वस्तात मिळाला. तो मौल्यवान आहे असे कळते. ग्रेडिंग करून घ्यावे का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : अंक खरा असेल तर आपले नशीब जोरावर आहे. नोव्हेंबर 1974 ही तारीख असलेल्या या अंकात वुल्व्हरीन हे पुढे गाजलेले पात्र प्रथमच पूर्ण कथेत आले. आधीच्या 180 व्या अंकात ते केवळ शेवटच्या चित्रात डोकावते. परंतु आनंद करण्यापूर्वी अंक सावकाश उलगडा आणि वाचकांच्या पत्रांचे पान पाहा. त्या काळी मार्व्हल कंपनी अंकांत कापून चिकटवायची 'व्हॅल्यू स्टॅम्प' छापत असे आणि मुलांनी ते इमानेइतबारे कापले. 181 व्या अंकातून तो चौकोन कापलेला असेल तर प्रत अपूर्ण ठरते आणि तिची किंमत पूर्ण प्रतीच्या मानाने फारच खाली येते. काही लबाड विक्रेते दुसऱ्या अंकातला स्टॅम्प त्या जागी डकवतात, म्हणून पान उजेडासमोर धरून कडा तपासाव्यात.

स्टॅम्प जागेवर असेल तर या अंकाचे ग्रेडिंग अवश्य करावे. 2000 साली सुरू झालेली सीजीसी ही अमेरिकी संस्था अंक तपासून 0.5 ते 10 या मापावर गुण देते आणि तो प्लॅस्टिकच्या बंद कवचात घालून परत करते. पाठवण्यापूर्वी पुसणे, रंग भरणे, दाबून इस्त्री करणे असले काही घरी करू नका. रंगाचा हात फिरवलेला आढळला तर लेबल जांभळे मिळते आणि जांभळ्या लेबलाचा अंक ग्राहक बराच कमी भावात मागतात. सांगलीच्या वाचकांसारख्यांनी मात्र मराठी अंकांसाठी हा खर्च करू नये. ग्रेडिंगचे शुल्क, जाण्यायेण्याचा टपालखर्च आणि विमा मिळून होणारी रक्कम बहुतेक वेळा अंकाच्या किमतीहून अधिक भरते.

प्रश्न : पन्नास हजार रुपये जुन्या कॉमिक्समध्ये गुंतवावेत का? 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक कोट्यवधींना गेला, हे वाचून विचारतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गुंतवणूक म्हणून नको. दहा सेंट किमतीचा, सुपरमॅन प्रथम ज्यात आला तो 1938 मधील अंक एप्रिल 2024 मध्ये 60 लाख डॉलरना विकला गेला, हे खरे आहे. पण तेव्हा मुलांनी वाचून फेकलेल्या अंकांपैकी फार थोड्या प्रती उरल्या, म्हणून तो भाव आला. 1992 मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला तेव्हा लोकांनी काळ्या पिशवीतल्या प्रती न उघडता, भाव वाढेल म्हणून लक्षावधींनी जपून ठेवल्या. त्या अजूनही मुबलक आहेत आणि म्हणूनच स्वस्त आहेत. त्या सट्ट्याचा फुगा फुटल्यावर दुकाने बंद पडली आणि 1996 च्या अखेरीस खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. अलीकडे 2020-21 मध्येही भाव असेच चढले आणि नंतर उतरले. 'संग्राहकांसाठी मर्यादित आवृत्ती' असे ज्याच्या मुखपृष्ठावरच छापले आहे, त्यापासून दूर राहावे, असे आमचे मत आहे. आवडीचे अंक वाचायला घ्या, त्यासाठी फोर्ट, माटुंगा, आप्पा बळवंत चौक पालथे घाला. पण कर्जाचा हप्ता त्यांवर सोडू नका.

प्रश्न : सुमारे तीनशे अंक विकायचे आहेत. एक व्यापारी सगळ्यांचे मिळून ठोक पैसे देतो, दुसऱ्या संग्राहकाला निवडक दहाच अंक चढ्या भावाने हवेत. काय करावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : व्यापारी कमी भाव देतो याचा राग धरू नये, तीनशेपैकी दोनशे अंक त्याच्याकडे वर्षानुवर्षे पडून राहणार असतात. तथापि संग्राहकाने निवडलेले दहा अंक काढून घेतले, की उरलेल्या गठ्ठ्याला व्यापारीही पहिला भाव देणार नाही. म्हणून त्या दहांचे पैसे आणि उरलेल्या दोनशे नव्वदांना व्यापारी देईल ती रक्कम यांची बेरीज आधी कागदावर मांडा आणि ती ठोक भावापेक्षा स्पष्टपणे अधिक भरली तरच गठ्ठा फोडा. दोघांनाही एकमेकांची मागणी सांगण्यात काही गैर नाही.

टपालाने पाठवणार असाल तर प्रत्येक अंकाचे मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मधले पान आणि पिना यांची छायाचित्रे आधी पाठवावीत आणि फाटलेला कोपरा किंवा पेनाने लिहिलेले नाव आपण होऊन दाखवावे; तक्रार झाल्यास ती छायाचित्रे कामी येतात. पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच पार्सल करावे. अंक दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधावेत, त्यावर प्लॅस्टिक गुंडाळावे आणि स्पीड पोस्टाची पावती अंक पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत सांभाळून ठेवावी. जून ते सप्टेंबर या काळात ग्राहकाला थांबायला सांगता आले, तर बरेच.